गोळी लागली की माणूस मागे उडतो?

‘पिस्तूल लहान असलं तरी गोळी .४५ चीच (म्हणजे ०.४५ इंच व्यासाची) घ्या, लागली की समोरचा मागे उडून पडतो.’ अमेरिकेत परवानगीने पिस्तूल बाळगणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं फिरतंय. पडद्यावर तसंच दिसतं, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

आता हिशेब करू. .४५ ची नेहमीची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. वस्तुमान (किलोत) गुणिले वेग म्हणजे संवेग: ३.७५ किलो-मीटर प्रति सेकंद. हा सगळा ७० किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटीमीटर. मुंगीच्या चालीसारखंच म्हणा ना! ९ मिलिमीटरची गोळी हलकी पण वेगवान, तिने माणसाला मिळणारा वेगही सेकंदाला ४ सेंटीमीटरच्या आसपास येतो.

आकडे नको असतील तर न्यूटनचा तिसरा नियम आठवा. गोळी जेवढा धक्का पुढे नेते, किमान तेवढाच झाडणाऱ्याच्या हाताला मागे बसतो. तो कुठे उडतो?

मग निवडायचं कशावरून? आखूड नळीतून गोळीला वेग कमी मिळतो, आणि पोकळ टोकाची गोळी शरीरात फुलायला पुरेसा वेग लागतो. म्हणून लांब नळीवर मोजलेला, खोक्यावर छापलेला वेग जसाच्या तसा धरू नये. शिवाय अशी काडतुसं काही पिस्तुलांत अडकतात. तुमच्या पिस्तुलात अडकतात का, हे सराव-मैदानावर तीच काडतुसं झाडून बघितल्यावरच कळतं.