पहिली एअर रायफल घेताना: परवाना, पात्रता, कागदपत्रे आणि पैशांचे गणित

छर्‍याच्या बंदुकीला लायसन लागते का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ असे सर्रास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

एअर रायफल भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. नळीचा आतला व्यास ४.५ मिमी (.१७७) पर्यंत आणि नळीच्या तोंडाशी छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत, म्हणजे साधारण १५ फूट-पाउंड, असेल तर वैयक्तिक परवाना लागत नाही. यातली एक मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. म्हणून ५.५ मिमीची (.२२) रायफल कितीही कमी ताकदीची असली तरी सवलतीत बसत नाही. स्वस्त मिळते म्हणून जुन्या बाजारातून .२२ उचलणारे इथेच फसतात.

ऊर्जेचा हिशेब घरी करता येतो. छर्‍याचे वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या (मीटर प्रति सेकंद) वर्गाने गुणा आणि दोनने भागा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २८० च्या वेगाने सुटला तर १९.६ ज्यूल, ३०० च्या वेगाने सुटला तर २२.५ ज्यूल. खोक्यावर ‘१००० फूट प्रति सेकंद’ छापलेले दिसले (म्हणजे सुमारे ३०५ मीटर) तर तो आकडा कोणत्या वजनाच्या छर्‍याचा आहे ते विचारा. ०.४ ग्रॅमच्या हलक्या छर्‍याचा असेल तर १८.६ ज्यूल होतात आणि रायफल मर्यादेत राहते. सगळ्यात बरे म्हणजे उत्पादकाच्या पुस्तिकेत किंवा प्रमाणपत्रात ऊर्जा ज्यूलमध्ये लिहिलेली असावी. उद्या कोणी विचारले तर तोच कागद पुढे करायचा असतो. नंतर मिस्त्रीकडून जाड स्प्रिंग बसवून ‘पॉवर वाढवली’ आणि २० ज्यूल ओलांडले, तर ती विनापरवाना शस्त्र ठरते. बिल जुने, रायफल वेगळी.

मुळात एवढी ताकद हवी कशाला? १० मीटरच्या स्पर्धेतली रायफल साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास सोडते. हे झाले फक्त ८ ज्यूल. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, नवाची रिंग ५.५ मिमीची आणि अख्खे टार्गेट ४५.५ मिमीचे. तिथे सातत्य लागते, ताकद नाही. जास्त वेगाच्या स्प्रिंग रायफलला धक्काही जास्त असतो, म्हणजे नवख्याने पैसे देऊन नेम बिघडवून घेतल्यासारखे होते.

तरीही .२२ हवीच असेल तर एनडाल-एलिस या सरकारी पोर्टलवर नमुना ए-१ मधला अर्ज भरावा लागतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी निर्णय घेतात. वय २१ पूर्ण हवे, पोलीस पडताळणी होते, शस्त्र कशासाठी हवे हे पटवून द्यावे लागते. छंदाच्या पहिल्या रायफलसाठी हा मार्ग कोणालाही सुचवणार नाही.

आधी प्रकार ठरवा, मग रायफल

महाराष्ट्रात नवे नेमबाज दोन प्रकारांत उतरतात: ओपन साइट आणि पीप साइट. ओपन साइटमध्ये मागे खाच आणि पुढे माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा), साधी रायफल चालते. पीप साइटमध्ये मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल बसवायचा असतो. ऑलिम्पिकमधला प्रकार हाच. ओपन साइट हा आपल्याकडचा राष्ट्रीय नियमांचा प्रकार आहे. शालेय स्पर्धा आणि राज्य पातळीपर्यंत त्याला चांगली जागा आहे, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो नाही.

दोन वर्षांनी पीप साइटकडे जायचे नक्की असेल तर महागडी ओपन साइट रायफल घेऊ नका, कारण तिच्यातला खर्च पुढे वळवता येत नाही. मुलगा किंवा मुलगी शालेय स्पर्धेपुरतीच खेळणार असेल तर उलट विचार करा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. नावनोंदणी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जाते, पालकांनी थेट करायची नसते. शाळेत क्रीडाशिक्षकाला नेमबाजीची माहिती नसणे ही नेहमीची अडचण. अशा वेळी रेंजवरचे प्रशिक्षक तारखा सांगतात, पण सही-शिक्का मुख्याध्यापकांचाच लागतो.

क्लब आणि शूटर आयडी

रायफलच्या आधी क्लब, हा क्रम मोडू नका. बहुतेक रेंजवर सुरुवातीला क्लबची रायफल वापरायला मिळते आणि त्या दोन-तीन महिन्यांत आपल्याला किती वजन पेलते, दांडा (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) किती लांब हवा, कोणता डोळा प्रबळ आहे हे कळते. डोळ्याची चाचणी सोपी आहे. दोन्ही हातांच्या पंजांत छोटी फट करून दूरची वस्तू त्यातून पाहा आणि एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो प्रबळ. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा नेमबाज असेल तर कोणत्या खांद्यावरून मारायचे हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवा. डाव्या खांद्याचा निर्णय झाला तर डावखुऱ्यांचा दांडा लागतो आणि तो सेकंडहँड मिळणे कठीण असते.

क्लब प्रवेशासाठी साधारण हे लागते: आधार कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, अल्पवयीन असल्यास पालकांचे संमतिपत्र आणि शाळेचे बोनाफाइड. काही क्लब पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखलाही मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तो आधी टाका.

राज्य स्पर्धेपासून पुढे भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचा म्हणजे एनआरएआयचा शूटर आयडी लागतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यात आपली राज्य संघटना निवडावी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र रायफल असोसिएशन. गोंधळ होतो तो नावात. आधारवर ‘सुनिता’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’, पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये नाही. अशा तीन कागदांवर आयडी निघतो खरा, पण वयोगट तपासताना अडतो. सब-युथ, युथ, ज्युनिअर हे गट जन्मतारखेवरूनच ठरतात. आयडी काढण्याआधी आधार दुरुस्त करा. नंतर दोन्हीकडे दुरुस्ती करण्यात अख्खा मोसम जातो.

खरेदीच्या वेळी

परवाना नको म्हणजे कागद नको, असे नाही. विक्रेता सरकारी फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो व नोंद ठेवतो. साधारणपणे १८ वर्षे पूर्ण झालेल्याच्याच नावावर बिल होते, म्हणून मुलांसाठी बिल पालकाच्या नावावर करतात. बिलावर उत्पादक, मॉडेल, ‘४.५ मिमी’ आणि अनुक्रमांक छापून घ्या. अनुक्रमांक रायफलवर कोरलेल्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून पाहा. बिलावर ‘खेळणे’ किंवा नुसते ‘स्पोर्ट्स गुड्स’ लिहून कुरिअरने पाठवणारा विक्रेता दिसला तर पैसे पाठवू नका. उद्या रस्त्यात तपासणी झाली तर त्या बिलाने काहीही सिद्ध होत नाही.

सेकंडहँड घेताना साध्या कागदावर विक्रीपत्र करा: दोघांची नावे, ओळखपत्राच्या झेरॉक्स, अनुक्रमांक, तारीख, सह्या. मूळ बिलाची प्रत मागा. परदेशी मॅच रायफल (खास स्पर्धेसाठी बनवलेली) असेल तर ती देशात कशी आली याचेही कागद हवेत. नेमबाजांच्या आयात सवलतीत आलेल्या वस्तूंच्या पुढच्या विक्रीवर अटी असू शकतात. मूळ मालकाकडे कागद नसेल तर भाव कितीही उतरला तरी सोडून द्या.

पैसे कुठे घालायचे

तीन प्रकारची यंत्रणा बाजारात दिसते.

स्प्रिंग किंवा गॅस-रॅमची रायफल सर्वांत स्वस्त. नळी सांध्यापाशी खाली दुमडून दट्ट्या मागे घ्यायचा, छर्रा घालायचा, मारायचा. सिलिंडर नको, पंप नको. तोटा असा की छर्रा नळीत असतानाच दट्ट्या पुढे धावतो, रायफल हलते आणि प्रत्येक वेळी पकड हुबेहूब तशीच लागते. रिकामी झाडली तर दट्ट्याचे सील आणि स्प्रिंग खराब होते, म्हणून घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या रायफलने नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, करता येत नाही. बजेटच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, कारण ड्राय प्रॅक्टिस फुकट असते.

पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेची रायफल. धक्का जवळजवळ नाही, ट्रिगर हलका आणि मॅच मॉडेलमध्ये ड्राय फायरची सोय. पीप साइटसाठी हीच. देशी उत्पादकांच्या पीसीपीही मिळतात, पण ट्रिगर आणि मागची साइट स्वतः हाताळून पाहा. साइटची एक टिचकी फिरवल्यावर टार्गेटवरच्या भोकांचा गट दर वेळी तेवढाच सरकला पाहिजे. वॉल्थर, फाइनवर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर यांच्या जुन्या मॅच रायफली क्लबमध्ये हातोहात फिरतात. नीट ठेवलेली दहा-बारा वर्षे जुनी मॅच रायफल नव्या स्वस्त पीसीपीपेक्षा बहुधा चांगली निघते. अट एकच, सिलिंडर.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि मॅच रायफल बनवणारे त्याचे आयुष्य बहुतेकदा १० वर्षे धरतात. स्पर्धेत सामान तपासणीला ही तारीख पाहिली जाते. मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे नवा घ्यायचा खर्च, तेव्हा तो भावातून वजा करूनच बोला. गळती पाहायला २०० बार किंवा उत्पादकाने दिलेल्या दाबापर्यंत भरा आणि २४ तास ठेवा. भरल्यानंतर हवा थंड होते म्हणून काटा थोडा उतरतो. त्यानंतर तो स्थिर राहिला पाहिजे. हळूहळू पडत राहिला तर बहुधा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते. ती स्वस्त, पण बदलणारा माणूस जवळ हवा.

हातपंपाने भरताना घाई केली की पंप तापतो, बाष्प आत जाते आणि झडप गंजते. पन्नासेक दट्टे मारले की थांबा, पंप गार होऊ द्या, साचलेले पाणी बाहेर सोडा. क्लबच्या स्कुबा टाकीवरून भरणे सोपे. ऑक्सिजनच्या टाकीवरून कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. झडपेला साधे तेलही लावायचे नाही, सिलिकॉन ग्रीसच.

वजनाचे बोलायचे तर नियमानुसार मॅच रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, पण बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ५ किलोची रायफल दिली की महिन्याभरात पाठ वाकडी करून उभे राहायची सवय लागते. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका. दांड्याची लांबी, गालपट्टी आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) सरकवता येणारी घ्या.

बजेट अगदीच तोकडे असेल तर क्रम असा ठेवावा: आधी छर्रे, मग ग्लोव्ह, जॅकेट आणि बूट, शेवटी रायफल. आठवड्याला चार दिवस ६० शॉट धरले तर २४० छर्रे, म्हणजे ५०० चा डबा दोन आठवडे. वर्षाला पंचवीस-सव्वीस डबे होतात. हा खर्च धरलाच जात नाही आणि तिसऱ्या महिन्यात सराव थांबतो. छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, टोकदार छर्रे कागद फाडतात आणि गुण मोजताना वाद होतो. जॅकेट जुने चालते, पण मापाचे हवे. जाडी आणि कडकपणा तपासणीत मोजतात, म्हणून आतून जादा अस्तर शिवलेले जॅकेट घेऊ नका. टेलिस्कोप मात्र अजिबात नको, ओपन आणि पीप साइट या दोन्ही प्रकारांत तो चालत नाही.

ने-आण आणि साठवण

रायफल बंद केसमध्ये, रिकामी, छर्रे वेगळे. केसच्या कप्प्यात बिलाची झेरॉक्स, क्लबचे ओळखपत्र आणि शूटर आयडी. स्पर्धेला जाताना प्रवेशिकेची प्रतही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाई आदेश निघतात. परवान्यातून सूट असलेली रायफलही रस्त्यावर पोलिसांना रायफलच दिसते. त्या दिवसांत रेंजवर जायचेच असेल तर आधी क्लबला आणि पोलीस ठाण्यात विचारा. विमानात केबिनमध्ये नेता येत नाही. चेक-इन सामानात घोषित करून द्यावी लागते, सिलिंडर रिकामा करून, आणि एअरलाइनला आधी कळवून.

घरी कुलपात ठेवा. गच्चीवर सराव करणार असाल तर छर्रे अडवणारी लोखंडी पेटी आणि मागे भक्कम भिंत हवी, शेजारची खिडकी त्या रेषेत नको. सरावानंतर हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे असतात. कबुतरे, पोपट, कोणताही पक्षी टिपायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा नोंदला गेला तर परवाना लागत नव्हता हा बचाव तिथे चालत नाही.