तिजोरीच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाच्या जागी यांत्रिक कुलूप बसवणे

तिजोरीच्या दारावरचा बटणांचा कीपॅड आणि त्याला आतून जोडलेले, बॅटरीवर चालणारे कुलूप काढून त्याच जागी आकड्यांची डायल फिरवून उघडणारे चकत्यांचे कुलूप बसवण्याचे काम. हे काम अमेरिकेत बरेच केले जाते. तिथे बंदुका, कागदपत्रे आणि दागिने ठेवायला अनेक घरांत मोठ्या तिजोऱ्या असतात. इलेक्ट्रॉनिक कुलपे बाजारात आली तेव्हा ती डायलच्या कुलपांसाठी पाडलेल्या भोकांवरच बसतील अशी बनवली गेली. त्यामुळे चांगल्या प्रतीच्या बहुतेक तिजोऱ्यांत ही अदलाबदल उलट्या दिशेनेही करता येते.

हा बदल करण्याचे पहिले कारण म्हणजे कारखान्याकडच्या कोडची भीती. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने झडतीचे वॉरंट दाखवल्यावर लिबर्टी सेफ या तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीने एका ग्राहकाच्या तिजोरीचा कोड तपास यंत्रणेला दिला. मालकाने स्वतःचा कोड ठेवला असला तरी तिजोरी उघडू शकणारा आणखी एक कोड कारखान्याकडे असतो, हे अनेक ग्राहकांना तेव्हाच प्रथम कळले. मोठा गदारोळ झाला. कंपनीने आपले धोरण बदलले आणि मागणी करणाऱ्यांच्या कोडची नोंद पुसून टाकण्याची सोय दिली. मार्च २०२४ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी अशा कारखानी कोडचा धोका जनतेला सांगावा, असे पत्र सरकारी प्रतिहेरगिरी केंद्राला लिहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत दोन संशोधकांनी सिक्युरॅम या कुलूप-कंपनीच्या प्रोलॉजिक मालिकेतली इलेक्ट्रॉनिक कुलपे उघडण्याच्या दोन रीती दाखवल्या. त्यांपैकी एक रीत कुलूप-कारागिरांसाठी ठेवलेल्या रीसेटच्या सोयीवरच आधारलेली होती. यांत्रिक कुलपात असा दुसरा कोड ठेवायला जागाच नसते. त्यातल्या प्रत्येक चकतीला एक खाच असते, आणि ठरलेले आकडे (म्हणजे जुळणी) फिरवून सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की कुलूप उघडते. चकत्या एका वेळी एकाच जुळणीवर लावलेल्या असतात.

दुसरे कारण टिकाऊपणाचे. कीपॅड बिघडला तर तो बाहेरून बदलता येतो, आणि बॅटरी बहुधा कीपॅडमध्येच असल्याने ती बाहेरून बदलता येते. ती संपली की तिजोरी कायमची बंद पडते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. खरी अडचण येते ती दाराच्या आतला सोलेनॉइड (विजेने कुलूप सोडणारे चुंबक), मोटर किंवा सर्किट निकामी झाल्यावर. तेव्हा दाराला ड्रिलने भोक पाडण्यावाचून सहसा इलाज उरत नाही. म्हणून बदल करायचा तर तो कुलूप नीट चालत असताना, दार उघडे असतानाच करावा.

या बदलाने तिजोरी फोडायला कठीण होते, ही समजूत मात्र खरी नाही. नेहमीच्या डायलवर १०० खुणा आणि आत ३ चकत्या, म्हणजे कागदावर १० लाख जुळण्या. पण यूएल ७६८ या अमेरिकी मानकातल्या ‘गट २’ च्या कुलपाला दोन्ही बाजूंना सव्वा खुणेपर्यंतची चूक चालते. त्यामुळे एका चकतीवर खऱ्या अर्थाने वेगळे असे सुमारे ४०च आकडे उरतात. तिसरा आकडा ० ते २० च्या पट्ट्यात ठेवायचा नसतो, तेही वजा केले तर हाती राहतात जेमतेम ५१ हजार जुळण्या. एका जुळणीला अर्धे मिनिट धरले, तरी हाताने सगळ्या तपासायला सुमारे १८ दिवस-रात्र लागतील. आकडे आपोआप फिरवणारे यंत्र माणसासारखे थकत नाही, आणि मुरलेला कारागीर चकत्यांचा स्पर्श हाताने ओळखून जुळणी शोधू शकतो. या कसबाला २ तास दाद न देणारी ‘२ एम’ आणि २० तास न देणारी ‘गट १’ ची कुलपे मिळतात. ज्याला ही भीती खरोखर आहे त्याने तीच घ्यावीत. सहा अंकी इलेक्ट्रॉनिक कोडच्या १० लाख जुळण्या खऱ्याखुऱ्या असतात आणि चार-पाच वेळा चुकल्यावर कुलूप काही मिनिटे अडून बसते.

कामाचा नाजूक भाग मोजमापाचा आहे. कीपॅडची वायर जिथून जाते तिथून आता डायलचा दांडा जायचा असतो. भोक अरुंद किंवा तिरके असेल तर ते मोठे करावे लागते, आणि तिथेच दाराच्या आतली कडक पोलादी पट्टी किंवा काच असू शकते. जुने कुलूप सोडवताना आणखी एक धोका असतो. काही तिजोऱ्यांत कुलपाच्या पाठीला टेकलेला, स्प्रिंगने दाबलेला राखीव अडसर असतो. कुलूप हलले की घरफोडी झाली असे समजून तो सुटतो. म्हणून तो आधी पिनने रोखून ठेवतात.

दांडा नेहमी जास्त लांबीचा येतो. दाराची जाडी मोजून तो हॅकसॉने कापायचा आणि टोकाची धार कानशीने घासून आटे साफ करायचे. मग तो कुलपातल्या, डायलबरोबर फिरणाऱ्या चालक चकतीत घट्ट होईपर्यंत फिरवून घालतात. त्यानंतर दांड्यावरची खोबण आणि या चालक चकतीवरची योग्य खाच समोरासमोर येईपर्यंत तो किंचित उलटा फिरवायचा आणि छोटी पाचर ठोकायची. चकतीवर अशा चार खाचा असतात, कारण कुलपाची जीभ डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली अशा चारही दिशांना बसवता येते. चुकीच्या खाचेत पाचर गेली तर बाहेरचे आकडे आणि आतल्या चकत्या यांचा मेळच बसत नाही. डायल फिरवताना कुठेही घासता कामा नये. घासली तर तिच्याभोवतीची कडी मधोमध बसलेली नसते.

सार्जंट अँड ग्रीनलीफ या अमेरिकी कुलूप-कंपनीचे नवे कुलूप ५० या एकाच आकड्यावर लावलेले येते. स्वतःची जुळणी लावायला कुलपाच्या पाठीमागून बदल-किल्ली घालतात आणि आकडे वरच्या नेहमीच्या खुणेवर न घेता तिच्या डावीकडच्या दुसऱ्या खुणेवर घेतात. उघडण्याचा क्रम असा: डावीकडे फिरवत पहिला आकडा चौथ्यांदा येईल तिथे थांबायचे, उजवीकडे फिरवत दुसरा आकडा तिसऱ्यांदा येईल तिथे, डावीकडे फिरवत तिसरा आकडा दुसऱ्यांदा येईल तिथे, मग उजवीकडे डायल अडेपर्यंत. अडली की कुलपातल्या तरफेवरची आडवी पट्टी तिन्ही चकत्यांच्या खाचांत उतरलेली असते आणि जीभ मागे सरकते. नवी जुळणी लावल्यावर दार उघडेच ठेवून, दाराचे अडसर हाताने बाहेर काढून, ती पुन्हा पुन्हा तपासतात. इथे कोणी घाई केली की पुढचा खर्च ड्रिलवाल्या कारागिराचा.

सवयही बदलावी लागते. काही इलेक्ट्रॉनिक कुलपे दार लावताच आपोआप बंद होतात. यांत्रिक कुलूप बंद करायला डायल डावीकडे निदान चार पूर्ण फेरे फिरवावी लागते, नाहीतर चकत्या जुळलेल्याच राहतात. अंधारात, घाबरलेल्या हातांनी ते चटकन उघडत नाही. स्वसंरक्षणाचे हत्यार ठेवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. कोणी कधी उघडले याची नोंदही ते ठेवत नाही, म्हणून दुकाने आणि कार्यालये सहसा या वाटेला जात नाहीत.

भारतात घरोघरी विकल्या जाणाऱ्या छोट्या डिजिटल लॉकरना हा उपाय लागू होत नाही. त्यांतले कुलूप सुटे नसून दाराच्या यंत्रणेतच जडवलेले असते, आणि कोड चालला नाही तर वापरायला आपत्कालीन किल्ली दिलेली असते.