गुलमर्ग की औली? मुलांना घेऊन स्कीइंगला निघण्याआधी

घरच्यांबरोबर स्कीइंगला जायचं ठरलं की काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधली औली ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोन्हीकडे हिमालय, दोन्हीकडे बर्फ. उंचीही जवळपास सारखीच: गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, तर औलीचा उतार २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात. मग स्वस्त पडेल ते पॅकेज घेतलं जातं. माझं स्पष्ट मत असं, की आधी बरोबर कोण येतंय ते बघावं. सहा-सात वर्षांचं मूल आणि सत्तरीची आजी एकत्र निघाली असतील तर गुलमर्ग. मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि सगळ्यांना मनापासून शिकायचं असेल तर औली.

कारण जमिनीच्या घडणीत आहे. गुलमर्ग म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं मोठं पठारी कुरण. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तिथलेच हलके उतार हिवाळ्यात नवशिक्यांना शिकवायला वापरतात. बरीचशी हॉटेलं याच कुरणाच्या आसपास आहेत. स्कीचे बूट जड आणि ताठ असतात, घोटा वाकत नाही. तासाभरात लहान मूल दमतं, रडवेलं होतं. अशा वेळी खोली जवळ असणं किती मोलाचं आहे हे मुलाला कडेवर घेऊन बर्फात चढल्याशिवाय कळत नाही. आजी-आजोबांनाही नुसतं बसून राहावं लागत नाही. गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या रोपवेच्या, बंद केबिनमधून ते पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडूरीपर्यंत जाऊन येऊ शकतात. तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि गर्दीच्या दिवसांत झपाट्याने संपतात, म्हणून ती आधीच काढावीत.

गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर जातो. ‘आलोच आहोत तर तेही करू’ हा मोह लहान मुलं बरोबर असताना कृपा करून टाळा. हवा विरळ असते, वारा झोंबतो, आणि तिथले उतार कसलेल्या स्कीअरसाठी आहेत. आखलेल्या वाटेबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो आणि त्यात माणसं दगावली आहेत.

औली मात्र डोंगराची उतरण आहे, सपाटी फारशी नाहीच. राहायच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेल्या आहेत आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत बर्फातून चढावं लागू शकतं. उतारावर नेणारी चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्या, उघडी आहे, वर जाताना थंड वारा थेट तोंडावर येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे सोसणारं नाही. पण शिकणाऱ्याला औली फार चांगली. उत्तराखंड सरकारचं गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंग अभ्यासक्रम चालवतं. इतके दिवस सलग एकाच उतारावर पडत-उठत राहिलं की पाय खरोखर तयार होतात, आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी असते. गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, तरी सहलीच्या धामधुमीत तिथे आठवडाभर नेटाने शिकणारी कुटुंबं थोडीच.

प्रवासात तर दोन्हींची तुलनाच नको. श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग साधारण दोन तासांवर आहे. टंगमर्गपासूनच्या शेवटच्या तेरा किलोमीटरला बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, इतकंच. औलीसाठी ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाट आहे. मुलांना गाडी लागत असेल तर रुद्रप्रयाग किंवा पिपळकोटीला एक मुक्काम धराच. जुन्या व्हिडिओंत दिसणारा जोशीमठ-औली रोपवे गृहीत धरू नका. जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद झाला. वरचं अंतर जीपनेच काटायचं या तयारीने निघावं.

खरी पंचाईत शाळेच्या सुट्ट्यांची. दिवाळीत बर्फ नाही, मे महिन्यात स्कीइंग नाही, आणि नाताळात बर्फ पडेलच असं दोन्हीकडे सांगता येत नाही. जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत गुलमर्ग उघडंबोडकं होतं, आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रणा आहे, पण तिच्या भरवशावर तिकिटं काढू नयेत. शाळेची आठवडाभराची रजा मिळत असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा.

काश्मीरच्या बाबतीत सुरक्षेची चौकशी अगत्याने करा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातलेही पर्यटक मारले गेले, त्यामुळे घरातल्या मोठ्यांची काळजी रास्तच आहे. शिवाय बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातला एक तरी फोन पोस्टपेड असू द्या.

बुकिंग करताना मुलाच्या पायाचं माप सांगून तेवढे बूट आहेत का ते विचारा, आणि पहिल्या धड्याच्या आदल्या संध्याकाळी ते घालून बघा. आत एकच लांब लोकरी मोजा पुरे. ऊब यावी म्हणून दोन-दोन मोजे चढवले की पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि बोटं आणखीच गारठतात.