घरगुती डायलिसिस : पद्धतींच्या परिणामांची तुलना

घरी डायलिसिस करण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. सीएपीडी आणि एपीडी हे पोटाचे डायलिसिस. सीएपीडीत पोटात बसवलेल्या कॅथेटरमधून (मऊ नळीतून) साधारण २ लिटर द्रव हाताने भरतात आणि ४ ते ६ तासांनी बदलतात. दिवसाला बहुधा चार बॅगा लागतात. एपीडीत हेच काम रात्री ८ ते १० तास सायकलर नावाचे यंत्र करते. घरगुती हीमोडायलिसिसमध्ये फिस्टुलात (हातातील धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेत) सुया टोचून रक्त यंत्रातून फिरवतात.

मृत्युदराची थेट तुलना फसवी ठरते, कारण घरी यंत्र नेणारे रुग्ण बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. पोटाचे डायलिसिस की रुग्णालयातले हीमोडायलिसिस, हे चिठ्ठी टाकून ठरवण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. त्याला जेमतेम ३८ रुग्ण तयार झाले.

सीएपीडी आणि एपीडी यांच्या छोट्या चाचण्यांत मृत्यू किंवा पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) यांत ठोस फरक दिसला नाही. एपीडीमुळे दिवस मोकळा मिळतो. मात्र भराभर बदललेल्या द्रवातून पाणी निघते, सोडियम त्या मानाने कमी निघते. त्यामुळे रक्तदाब चढाच राहू शकतो. दोन्हींत खरा आधार मूत्रपिंडांतून अजून होणाऱ्या, उरलेल्या लघवीचा. कॅनडा-अमेरिकेतील कॅनुसा अभ्यासात रोजची लघवी २५० मिली जास्त असेल, तर मृत्यूची सापेक्ष जोखीम ३६ टक्के कमी आढळली. उलट मेक्सिकोत ९६५ रुग्णांवरील चाचणीत बॅगांचे प्रमाण वाढवूनही आयुष्य वाढले नाही. म्हणून लघवी होत असेपर्यंत वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पेरिटोनायटिस बहुतेकदा नळी जोडताना हात लागून होतो. पंखा बंद, दार बंद, हात स्वच्छ, तोंडावर मास्क, यात सवलत नाही. पोटातून बाहेर आलेल्या द्रवाच्या बॅगेमागे छापील कागद धरावा. द्रव गढूळ असल्याने अक्षरे वाचता येत नसतील, तर ती बॅग घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. द्रवात मायक्रोलिटरला १०० हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असल्यास प्रतिजैविक सहसा बॅगेतूनच देतात. वर्षाला दर रुग्णामागे ०.४ हून जास्त वेळा संसर्ग झाला, तर केंद्राने आपले प्रशिक्षण तपासायला हवे.

आठवड्यातून सहा वेळा केलेल्या हीमोडायलिसिसने फॉस्फरस आणि रक्तदाब चांगले आटोक्यात येतात. पण फिस्टुलावर उपचार जास्त वेळा करावे लागतात, आणि रोज रात्रीच्या डायलिसिसने उरलेली लघवी लवकर आटते. नेहमीच्या यंत्राला मिनिटाला ५०० मिली या हिशेबाने चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागते. आरओ यंत्रणा आणि क्लोरीनची तपासणी त्यासाठीच. सर्वांत घातक म्हणजे रक्त परत नेणारी सुई झोपेत निसटणे. मिनिटाला ३०० मिली प्रवाह असेल, तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त जाते, आणि यंत्राचा दाबाचा अलार्म दर वेळी वाजतोच असे नाही. सुई चिकटपट्टीने पक्की करून जवळ ओल ओळखणारा सेन्सर लावतात.