ज्येष्ठांची सावरणकेंद्री मानसिक आरोग्यसेवा

उतारवयातल्या मानसिक आजारात लक्षणे कमी करण्यावर न थांबता, त्या माणसाला आपले आयुष्य शक्य तितके आपल्या मर्जीने जगता यावे यासाठी दिली जाणारी सेवा. या क्षेत्रातल्या ‘रिकव्हरी’ या संज्ञेला ‘बरे होणे’पेक्षा ‘सावरणे’ हा शब्द अधिक जवळचा आहे. आजार पूर्ण गेला नाही तरी माणूस सावरू शकतो.

ही कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेत, स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तींच्या अनुभवकथनातून पुढे आली. पॅट्रिशिया डीगन हे त्यांतले ठळक नाव. आजाराने घातलेल्या मर्यादांसह समाधानाने, आशेने आणि इतरांच्या उपयोगी पडत जगणे, अशी या कल्पनेची व्याख्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम अँथनी यांनी १९९३ मध्ये केली. मात्र नोकरी, शिक्षण, स्वतंत्र घर ही तिची सुरुवातीची उद्दिष्टे तरुणांची होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवी ओळख घडवायची नसते. आयुष्यभरात घडलेली ओळख जपायची असते. इंग्लंडमध्ये स्टेफनी डेली व सहकाऱ्यांनी ज्येष्ठ रुग्णांशी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच पुढे आले: ‘मी मीच राहणे’ हा सावरण्याचा गाभा. स्मृतिभ्रंशातून (डिमेन्शिया) पूर्ववत होता येत नाही, म्हणून तिथे सावरण्याची भाषा काहींना फसवी वाटते. पण माणूसपण आजाराबरोबर संपत नाही, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्येच आग्रहाने मांडले होते.

प्रत्यक्षात ही सेवा साध्या गोष्टींपासून सुरू होते. आजी पूर्वी काय करत, कोणाशी बोलत, दिवस कसा जाई, हे आधी विचारले जाते. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र, दिसत नसेल तर चष्मा, गुडघेदुखीवर उपचार, आणि चालू गोळ्यांची फेरतपासणी, कारण काही औषधांनीही वृद्धांना भ्रम होतो. मग बागकाम, भजनी मंडळ, नातवंडांचा अभ्यास अशी सुटलेली कामे झेपतील तशी परत हाती दिली जातात. निर्णय घेताना मुलांबरोबर त्या ज्येष्ठ व्यक्तीलाही विचारणे ही यातली सर्वांत अवघड पायरी. काळजीपोटी घरची माणसेच सगळे ठरवून टाकतात, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली चालणे-फिरणेही बंद होते.

मोठा अडथळा समजुतीचा आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ किंवा ‘वय झालं की असं व्हायचंच’ म्हणून नैराश्य तसेच राहते. या वयात ते अनेकदा रडण्याऐवजी अंगदुखी, झोपमोड, जेवण न जाणे या तक्रारींतून दिसते. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नव्हे. त्यावर उपचार आहेत.

गोव्यात हे काम जवळून पाहायला मिळते. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढच्या १८१ जणांवरील चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची पद्धत, झोपेची शिस्त आणि मधुमेहासारख्या आजारांतली स्वतःची काळजी एका गटाला शिकवली. वर्षभरात तीव्र नैराश्य त्या गटात ९१ पैकी ४ जणांना, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ९० पैकी १३ जणांना आले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच दुसऱ्या चाचणीत स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या ८१ कुटुंबांचा समावेश होता. घरी येऊन मिळालेल्या सल्ल्यामुळे काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधली आगाऊ निर्देशाची तरतूद या विचाराला कायद्याचा आधार देते. पुढे निर्णयक्षमता राहिली नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. स्मृतिभ्रंशाचे निदान लवकर झाले तर ही संधी हातात असते. मदतीसाठी मानसिक आरोग्याची टेली-मानस (१४४१६) आणि ज्येष्ठांची एल्डरलाइन (१४५६७) या दूरध्वनी सेवा आहेत.