चेहऱ्याला मार लागल्यावर दात आणि जबडा मोडण्याचं प्रमाण

चेहऱ्याच्या हाडांमधे सगळ्यात जास्त मोडतात ती नाकाची हाडं आणि खालचा जबडा, पण यात पहिला नंबर कुणाचा हे मोजणारा कोण त्यावर ठरतं. नाक मोडलेला माणूस बऱ्याचदा ओपीडीतूनच घरी जातो, अ‍ॅडमिट होत नाही, म्हणून जबड्याच्या सर्जनचं रजिस्टर काढलं तर त्यात खालचा जबडाच वरचढ दिसतो. दातांचा हिशोब तर आणखी कच्चा. कॅज्युअल्टीत आधी श्वास, रक्तस्राव, डोकं आणि मान बघतात (बघायलाच पाहिजे), मग पुढच्या दाताचा टवका उडालाय हे केसपेपरवर येतच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की १२ वर्षांपर्यंतच्या साधारण २० टक्के मुलांच्या दातांना कधी ना कधी इजा झालेली असते, आणि त्यात सगळ्यात जास्त मार खातात वरचे मधले दोन दात, ते पुढे आलेले असले तर अजूनच.

भारतात मुख्य कारण रस्ते अपघात, त्यातही टू-व्हीलर, आणि पेशंट बहुतेक विशी-तिशीतले पुरुष. काही पाश्चात्त्य देशांत मारामारी वरच्या नंबरला असते. आपल्याकडे टोपीसारखं अर्धं हेल्मेट घालून लोक निर्धास्त फिरतात, ते पोलिसांपासून वाचवत असेल पण हनुवटी उघडीच राहते.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, दोन्ही टोकं कानापुढच्या सांध्यात बसलेली, त्यामुळे मार एका जागी आणि तडा दुसरीकडेच असं होतं, बऱ्याच केसेसमधे तो दोन ठिकाणी मोडलेला सापडतो. माणूस हनुवटीवर आपटतो, हनुवटीला टाके घालून घरी पाठवतात आणि दोन्ही कानांपुढची मोडलेली हाडं तशीच राहून जातात. लहान मुलात हे सुटलं तर सांधा जखडून पुढे तोंडच उघडत नाही, म्हणून नुसते टाके पुरेसे नाहीत. अक्कलदाढ आत अडकलेली असेल तर जबड्याचा कोपरा कमजोर असतो, तोही लवकर मोडतो.

ओळखायचं कसं, तर दात पहिल्यासारखे एकमेकांवर बसत नाहीत, खालचा ओठ बधिर होतो, जिभेखाली काळंनिळं दिसतं. मग ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) किंवा सीटी स्कॅन. पूर्वी वरखालचे दात तारेने आवळून चार-सहा आठवडे पातळ खाण्यावर ठेवायचे, आता बऱ्याचदा टायटॅनियमच्या छोट्या प्लेट बसवतात.

एखादा दात सापडतच नसेल तर छातीचा एक्स-रे काढतात कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. सापडला तर मुळाला हात न लावता, न घासता, दुधात टाकून शक्यतो अर्ध्या तासात डेंटिस्टकडे न्यायचा, परत बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, त्याच्यामागे हिरडीत तयार होत असलेल्या पक्क्या दाताला धोका असतो.