पंचगंगेचे फूट आणि गल्लीतलं पाणी: माहिती चित्रातून मांडण्यामागची पार्श्वभूमी

पावसाळ्यात पंचगंगा फुगली की कोल्हापुरात पहिला प्रश्न एकच, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण ४३ फुटांचं पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागणार, ते नुसत्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी चित्र लागतं.

नकाशे फार जुने. आकड्यांचं चित्र करण्याची विद्या मात्र बरीच अलीकडची. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी काढून दाखवले. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची आडवी काळी रेघ त्या त्या घरापाशी मांडली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती झाली. तिथलं पाणी कुणी भरू नये म्हणून पंपाचा दांडा त्याआधीच काढलेला होता. हा नकाशा केला तो रोग पाण्यातून पसरतो हे इतरांना पटावं म्हणून. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढची उडी व्हिएन्नातली. ऑटो नॉयराट यांनी १९२५ मध्ये तिथे कामगारवस्तीतल्या माणसालाही समाजाचे आकडे वाचता यावेत म्हणून संग्रहालय उभारलं. त्यांचा नियम साधा होता: संख्या वाढली तर आकृती मोठी करायची नाही, तीच आकृती जास्त वेळा काढायची. गेर्ड आर्न्ट्झ आकृत्या कोरायचे. आकडे आणि चित्रकार यांच्यामध्ये मारी रायडेमायस्टर असत. काय दाखवायचं आणि कसं, हे त्या ठरवत.

कोल्हापूरला चित्रकारांची वाण कधीच नव्हती. आबालाल रहिमान इथले, स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर रंगवणारे बाबूराव पेंटरही इथलेच. दळवीज आर्ट्स आणि कलानिकेतनमधून आजही मुलं शिकून बाहेर पडतात. आणि चित्रावरून पूर वाचण्याची सवय तर गावाला आहेच. ब्रिटिशकालीन शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामात दिसणाऱ्या माशाच्या आकाराशी पाणी टेकलं की लोक म्हणतात, "मच्छिंद्री झाली!" फूटपट्टी न बघता अख्ख्या शहराला पूर कळतो.

सरकारी नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, म्हणजे बांधकामाला मनाई; निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, म्हणजे बांधकाम अटींवर. पण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या माणसाला "१०० वर्षांतून एकदा" म्हणजे काय, हे ती लाल रेघ समजावून सांगत नाही. शिवाय पाणी केवळ नदीकाठाने चढत नाही. जयंती नाल्यातून ते मागे फुगतं आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरतं.

आकडे पाटबंधारे खात्याकडे आहेत, ब्रश गावाकडे आहे. रायडेमायस्टर बाईंची जागा तेवढी रिकामी आहे. ती भरणाऱ्याला सुतारवाड्यातल्या, कुंभार गल्लीतल्या घराघरांत विचारावं लागेल, की बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं होतं. आणि ते फूट त्याच गल्लीच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे रंगवून घ्यावे लागतील.